पंख पिळून वळणारं विमान

अण्णांना लकवा झाला तेव्हा ते विमान टेबलावर अर्धवट होतं. धड तयार होतं, शेपूट बसवलेलं होतं, खालचे दोन्ही पंख जोडून झाले होते. वरचा लांब पंख एका पाटावर टाचण्यांनी दाबून वाळत ठेवलेला होता. सोलापूरच्या दवाखान्यातून आम्ही त्यांना मुरूमला घरी आणलं, पुढच्या खोलीत पलंग टाकला आणि उशी नीट केली. त्यांनी मान वळवली तेव्हा नजर पहिल्यांदा त्या टेबलाकडेच गेली. बराच वेळ ते बघत राहिले. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि दिवसभर तसेच पडून राहिले.

अण्णा माझे थोरले भाऊ. वयात इतकं अंतर की त्यांना मी कधी अरेतुरे केलं नाही. उभी हयात हवाई दलात गेली. उडवायला नव्हे, दुरुस्तीला. विमानाचा सांगाडा, पत्रा, जोड, भेगा हे त्यांचं काम. निवृत्त होऊन गावी आले आणि तेव्हापासून विमानांच्या छोट्या हुबेहूब प्रतिकृती करत बसले. मुरूमच्या बाजारात लोक तूर-हरभऱ्याचे भाव बोलत, आणि अण्णा चिमट्याने एवढंसं चाक उचलून भिंगातून बघत. गावाने सुरुवातीला चेष्टा केली. पुढे पाहुणे आले की लोकच त्यांना अण्णांचं काचेचं कपाट दाखवायला घेऊन येऊ लागले.

मी तुळजापूरला एकटी राहते. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मूलबाळ नाही. तामलवाडीच्या शाळेत शिकवता शिकवता निवृत्त झाले. वहिनींचे गुडघे गेलेले, पुतण्या नोकरीसाठी लांब. अण्णांना उचलायचं, कूस बदलायची, हे वहिनींच्याने एकटीने होण्यासारखं नव्हतं. महिनाभर राहते म्हणून पिशवी भरून आले आणि राहिलेच.

माझा स्वभाव इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. मला अर्धवट काम बघवत नाही आणि सावकाश काम तर त्याहून बघवत नाही. कुणी पिठलं हळू ढवळत असेल तर मी त्याच्या हातातून पळी काढून घेते. शाळेत एखादं पोर फळ्यापाशी अडलं की उत्तर माझ्याच तोंडून जायचं. हे चांगलं नाही हे मला कळतं, पण हात ऐकत नाही.

अण्णांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. समजत सगळं होतं, तोंडातून मात्र नुसता घोगरा आवाज यायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डावा हात, पाय धड आहेत, व्यायामाने उजव्यातही थोडं बळ येईल, शब्दही परत येतील, पण पेशंटने मनावर घ्यायला हवं. अण्णा मनावर घेत नव्हते. रबरी चेंडू हातात दिला की तो घरंगळून पलंगाखाली जायचा. भरवलं तर चार घास खायचे, नाहीतर तसंच. मी वेळापत्रक लावलं. सकाळी पेज, मग अंग पुसणं, मग हातापायांचा व्यायाम, मग औषध, मग झोप. सगळं वेळेवर व्हायचं आणि माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. हात उचलला जातो का, याची काळजी मी सोडून दिली होती. अण्णा पुन्हा आपल्या मनाने काही करतील, की असेच भिंतीकडे बघत जातील, एवढी एकच भीती उरली होती. वहिनींना ती बोलून दाखवायचा धीर मला होत नव्हता.

एका सकाळी टेबल पुसताना मला ते सुचलं. विमान आपणच पुरं करावं. ते तयार होताना बघून अण्णांना उभारी येईल. मी टेबल ओढत पलंगासमोर आणलं.

ते विमान साधंसुधं नव्हतं. अण्णांनी कपाटातली सगळी विमानं प्लास्टिकची केली होती, हे लाकडाचं होतं. विमानं नुकतीच लढाईत जाऊ लागली तेव्हाचं, पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीचं, एकावर एक दोन पंखांचं टेहळणी विमान. खोक्यावर त्याचं इंग्रजी नाव आणि आकडे होते. अण्णा त्याला नुसतं ‘म्हातारं’ म्हणायचे. खोकं आलं तेव्हा त्यांनी मला मुद्दाम फोन केला होता.

“बाई, ह्यात लोखंड न्हायच म्हन. लाकूड, कापड आन दोरा. सगळं आपल्या घरचं सामान हाय बघ.”

त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मीही हसले. मग ते म्हणाले, “असल्या इमानात बसून लई पोरं गेली, बाई. खाली माणसं दिसतेत का बगायला पाठवायचे. वरून गोळी आली की संपलं. कापडाला काय जोर असतोय?”

घरचं सामान म्हणजे काय ते आम्हा दोघांनाच कळत होतं. आमचं घर घोंगडी विणणाऱ्यांचं. वडिलांचा खड्ड्यातला माग होता. मागावर चढवण्याआधी लोकरीचे उभे धागे गल्लीभर लांब ताणून ठेवायचे, त्याला ताणी म्हणतात. ऊन वर येण्याआधी, वारा सुटण्याआधी ताणी घालायची आणि तिला चिंचोक्याची खळ द्यायची. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजत घालून वाटायचे आणि शिजवायचे. ती चिकट खळ मोठ्या कुंच्याने धाग्यांवर चढवली की वाळल्यावर लोकर काठीसारखी ताठ होते. लहानपणी माझं काम एकच होतं. ताणीच्या कडेने चालत जायचं आणि बोटाने प्रत्येक धागा छेडून बघायचा. एखादा ढिला लागला की ओरडायचं. वडील हातातलं काम टाकून यायचे आणि तो धागा ओढून पुन्हा बांधायचे. ढिला धागा राहून गेला तर घोंगडं वाकडं निघतं, आणि आमच्या घरात वाकडं घोंगडं निघणं म्हणजे चारचौघांत मान खाली घालणं. अण्णा लहान वयात हवाई दलात गेले, मागावर मी त्यांच्यापेक्षा जास्त बसले. त्यामुळे दोऱ्याचं काम आलं की मला कुणाला विचारायची गरज वाटत नव्हती.

वरचा पंख बसवण्यात पावसाळा संपत आला. पंख म्हणजे काडीएवढ्या फासळ्या आणि त्यांच्यातून गेलेल्या दोन लांब काठ्या. त्यावर पातळ कागद चिकटवायचा आणि पाण्याचा हलका फवारा मारायचा. कागद वाळताना आकसतो आणि ढोलकीच्या कातड्यासारखा ताठ होतो. माझे दोन कागद फाटले, एक सुरकुतला. चौथा जमला तेव्हा मी पंख उचलून अण्णांसमोर धरला. खिडकीतलं ऊन कागदातून आरपार आलं, आतल्या फासळ्या दिसल्या. अण्णांनी भिंतीकडची मान इकडे वळवली. मला इतका आनंद झाला की मी वहिनींना हाक मारून बोलावलं. वहिनी आल्या, बघून गेल्या. त्या मुळातच कमी बोलतात. माहेर आळंदच्या बाजूचं, मनात काही आलं की ते आधी कानडीत येतं आणि बहुतेक वेळा तिथेच राहतं.

त्यानंतर अण्णा रोज बघू लागले. मी उभ्या दांड्यांवर वरचा पंख बसवला. मोजपट्टी लावून चारही टोकं सारखी केली. आता उरले होते दोरे. त्या काळच्या विमानात दोन्ही पंख जागेवर धरायला तारांचं जाळं असायचं, या दांडीच्या डोक्यापासून त्या दांडीच्या पायापर्यंत फुल्याच फुल्या. खोक्यात त्यासाठी दिलेला दोरा मला लुळा वाटला. मी शिवणाचा बारीक रेशमी दोरा आणला. अंगणातल्या चुलीवर चिंचोके भाजले, वाटले, खळ शिजवली. तो वास कितीतरी वर्षांनी घरात आला. वहिनी नाकाला पदर लावून म्हणाल्या, “वन्सं, आता काय इमानाला घोंगडं घालता व्हय?” मी हसले. अण्णांकडे बघितलं तर त्यांचे डोळे पाणावले होते.

दिवसचे दिवस मी दोरे बांधत होते. प्रत्येक दोऱ्याला खळ, प्रत्येक दोरा ओढून गाठ, गाठीवर पुन्हा खळ. वाळला की बोटाने छेडून बघायचं. मागच्या बाजूचे काही दोरे पंखाखालच्या मोहरीएवढ्या कप्प्यांवरून जाऊन बैठकीत शिरत होते, वैमानिकाच्या दांड्यापाशी. खोक्यातल्या नकाशात हे दोरे वेगळ्या रंगात दाखवले होते. रंग दोऱ्याच्या जाडीसाठी असेल असं मी धरून चालले. कप्प्या मला शोभेच्या वाटल्या. मी तेही दोरे कप्प्यांपाशी गाठ मारून, खळ लावून पक्के केले. एकही ढिला ठेवला नाही.

काम सुरू असताना अण्णा आवाज काढायचे. आधी हळू, मग मोठ्याने. डावा हात पलंगाच्या कडेवर आपटायचे. मला वाटायचं, खूश आहेत. मी म्हणायचे, “व्हय अण्णा, झालंच, आता थोडंच ऱ्हायलंय.” ते अजून जोराने आपटायचे. कधी वाटायचं, लघवीला लागली असेल, म्हणून मी भांडं आणायचे. ते तोंड फिरवायचे. शेजारपाजारचे बघायला यायचे, दोरे बोटाने छेडायचे आणि म्हणायचे, बहिणीचा हात बघा. मला ते आवडायचं. का आवडू नये? माग सुटल्यापासून खडूच्या धुळीशिवाय हाताला दुसरं काही लागलं नव्हतं.

नवरात्र आलं. तुळजापुरात त्या दिवसांत माझ्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, ओळखीचे लोक हक्काने पथारी टाकायला येतात. मी दाराला कुलूप लावून मुरुमात होते. भवानीला इथूनच हात जोडले आणि मागितलं ते एवढंच की अण्णांना उभारी येऊ दे.

त्यानंतर एका बाजाराच्या दिवशी मी भाजीला गेले. परत आले तर अण्णा पलंगाच्या कडेला बसलेले होते. कुणी बसवलं नव्हतं, आपले आपण बसले होते. समोर टेबल, डाव्या हातात माझी शिवणाची कात्री. विमानाच्या दोन्ही पंखांमधले सगळे दोरे कापलेले. खळीने ताठ झालेले तुकडे सतरंजीवर केरसुणीच्या काड्यांसारखे पडले होते. वहिनी दारापाशी बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा शेंगांकडे बघू लागल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजारी माणसासमोर आवाज चढवू नये वगैरे मी लोकांना सांगत आले आहे. त्या दिवशी मी घर डोक्यावर घेतलं. “एवढे दिवस डोळे फोडून घेतले ते ह्याच्यासाठी व्हय? कात्री कुणी दिली त्यांना?”

“म्याच दिली,” वहिनी म्हणाल्या.

“तुमी? आन बघत बसलाव?”

“व्हय, बघत बसले.” त्यांनी शेंगांची परडी बाजूला केली. “वन्सं, लकवा झाल्यापून ह्येनी आज पयल्यांदा सोताच्या मनानं कायतरी केलं. उठून बसले. हात लांबवून कात्री मागितली. मोडायचंच असलं तरी ते त्येंच्या मनातलं हुतं. आडवू कशाला?”

मी काही बोलणार तोच त्या पुढे म्हणाल्या, आणि इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं. “तुमी घास भरविता, तोंड पुसता, कूस बदलता. लई करता. दुसऱ्या कुनी केलं नसतं. पन त्येंना करायला काय उरलंय ते सांगा. एक इमान हुतं, ते बी तुमी करायला घेतलं.” मग कानडीत पुटपुटल्या, “बिडरी, बिडरी,” म्हणजे सोडा आता, आणि गुडघ्यावर हात ठेवून स्वयंपाकघरात गेल्या.

मी तिथेच उभी. भाजीची पिशवी हातात. राग गेला नव्हता, पण आता तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. अण्णांनी कात्री ठेवून टेबलावर हात आपटला. मी बघितलं. त्यांनी माझा हात मनगटाला धरून ओढला, माझं बोट वरच्या पंखाच्या टोकाला मागच्या कडेवर ठेवलं आणि आपल्या बोटाने खालून हलकेच दाबलं. पंख वाकला. मोडला नाही, पिळवटला, ओलं फडकं पिळताना पिळवटतं तसा, आणि सोडल्यावर जागेवर आला. मागची काठी त्यांनी मुद्दाम लवचिक केली होती, माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मग त्यांनी बैठकीतला तो काडीएवढा दांडा डावीउजवीकडे हलवला, माझ्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा पंख पिळला, पुन्हा दांडा हलवला.

मी भिंग घेऊन नकाशा उलगडला आणि जे आधी वाचायला हवं होतं ते तेव्हा वाचलं. त्या विमानाच्या पंखाला हलणारी झडप नव्हती. वळायचं झालं की वैमानिक दांडा ढकलायचा आणि तारा अख्खा पंखच पिळायच्या, एका बाजूची कड खाली, दुसऱ्या बाजूची वर. वेगळ्या रंगातल्या तारा त्यासाठी होत्या. त्या कप्प्यांवरून सरकायला हव्यात, एक ओढली गेली की दुसरी सुटायला हवी. मी त्या गाठी मारून, खळ लावून जाम करून टाकल्या होत्या. माझं विमान दिसायला सुंदर होतं, पण खरं असतं तर नाकासमोर गेलं असतं आणि नाकासमोरच पडलं असतं. आणि अण्णा इतके दिवस हात आपटून हेच सांगत होते, तेव्हा मी त्यांच्यासमोर भांडं धरत होते.

मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्या पायापाशी बसले. त्यांनी कात्री उचलून माझ्या हातात दिली आणि खोक्यातल्या लुळ्या दोऱ्याच्या रिळाकडे बोट दाखवलं.

त्या दिवसापासून काम अण्णांचं. डावा हात, तोही सवय नसलेला. उजवा मांडीवर पडलेला. दोऱ्याचं एक टोक दातात धरायचं, मधे कपड्याचा चिमटा लावायचा, दुसरं टोक डाव्या हाताने भोकातून ओवायचं. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ गळायची, दोरा ओला व्हायचा, भोकातून जायचा नाही. मी रुमाल घेऊन उठले की त्यांचा हात वर व्हायचा, थांब म्हणून. मग ते आपल्या खांद्याला तोंड पुसायचे आणि पुन्हा दोरा दातात धरायचे. एक दोरा ओवण्यात अख्खी सकाळ जायची. कधी ओवलेला निसटायचा. कधी ते चिमटा भिरकावून द्यायचे आणि डोळे मिटून बसायचे. मी हात मांडीखाली दाबून बसायचे. हात खरोखर दुखायचे. शिव्या तोंडाशी यायच्या, कुणाला द्यायच्या तेही ठरलेलं नसायचं.

हळूहळू मला थोडं काम मिळालं. एका बाजूचा दोरा मी धरायचा, दुसऱ्या बाजूचा ते ओढणार. त्यांच्या तोंडून पहिले शब्द आले ते याच कामात. “धर” आणि “सोड.” धर मला लगेच जमायचं. सोड म्हटलं की माझी बोटं अजून घट्ट व्हायची. लहानपणापासून हाताला सवय ती ओढून धरायची, ढिलं सोडणं म्हणजे चूक अशी. “सोड,” ते म्हणायचे. मी केसभर सोडायचे. “सोड!” आणि मग चिडून सगळा जोर लावून, “सोड की गं!” तो पहिला तीन शब्दांचा बोल. वहिनी आतून धावत आल्या. अण्णा स्वतःच दचकले होते.

वहिनी दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यासमोर ताट ठेवून निघून जाऊ लागल्या. मी भरवायला बसले तर मलाच हाक मारायच्या, हे बघा, ते बघा. अण्णा डाव्या हाताने खायचे. निम्मं अंथरुणावर सांडायचं. मी आत बसून कान तिकडे लावायचे, वाटी पडल्याचा आवाज आला की अर्धी उठायचे. वहिनी नुसत्या बघायच्या, की मी पुन्हा बसायचे. पुढे अण्णा काठी घेऊन मोरीपर्यंत जाऊ लागले. एकदा पडले. तेव्हा मी वहिनींशी दोन दिवस धड बोलले नाही. अण्णांनी तिसऱ्या दिवशी पुन्हा काठी मागितली.

ज्वारी हुरड्याला आली तेव्हा एका बाजूचे दोरे झाले होते. काढणीला आली तेव्हा दुसऱ्या बाजूचे. शेवटची गाठ त्यांनी सकाळच्या उन्हात मारली. मला धर म्हणाले नाहीत. दातात धरून, चिमटा लावून, एकट्याने मारली आणि जास्तीचा दोरा कापला. मग बोटाने बैठकीतला दांडा हळूच ढकलला. एका बाजूच्या पंखाची मागची कड खाली वाकली, दुसऱ्या बाजूची वर उचलली गेली. त्यांनी दांडा उलट ढकलला. पंख उलटे पिळले. इतक्या सावकाश आणि इतके सारखे, की मला त्या विमानात बसून गेलेली ती कुठली कुठली पोरं आठवली, आणि असाच दांडा ढकलून त्यांनी परत वळायचा प्रयत्न केला असेल असं वाटलं. अण्णा पुन्हापुन्हा दांडा हलवत होते. वहिनी पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभ्या होत्या.

मग अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

“बाई.”

“काय, अण्णा?”

“तू आता... जा.”

मला वाटलं थकले असतील, पडायचं असेल. मी पलंगावरची चादर नीट करायला वाकले. त्यांनी मान हलवली. शब्दाला वेळ लागला, कपाळाला घाम आला.

“घरी. तुळजापूरला जा.”

मी हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं, मिळाली रजा. आधी राग आला. एवढं केलं, सण बुडवला, घर बंद ठेवलं, आणि आता जा? मग रडू आलं, ते आवरेना. खरं सांगायचं तर मला अण्णा बरे व्हायला हवे होते, पण माझ्यावाचून बरे व्हायला नको होते. तुळजापूरच्या घरात माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. इथे सकाळी उठल्यापासून कुणाला तरी माझी गरज होती. त्या गरजेला मी चिकटून बसले होते, आणि अण्णांनी ते ओळखलं होतं. बोलता येत नव्हतं तेव्हाही ओळखलं असेल.

वहिनींनी समजूत घातली नाही. भाकरी थापता थापता म्हणाल्या, “जावा. आन येत ऱ्हावा. आता पाव्हनी म्हनून या, म्या पुरणाचं करते.”

दोन दिवसांनी निघाले. पिशवी भरली, कात्री वहिनींना दिली. बसस्टँडला जायला रिक्षा दारात येऊन थांबली होती. मी पाया पडायला पुढच्या खोलीत गेले तर पलंग रिकामा होता. अण्णा बाहेर, ओसरीवर उभे होते. डाव्या हातात काठी. पांढरा शर्ट घातलेला, दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. कुणी घातला म्हणून मी वहिनींकडे बघितलं, तर त्या लांब तुळशीपाशी उभ्या होत्या. अण्णांनीच एका हाताने घातला होता. किती वेळ लागला असेल कुणास ठाऊक. वरची गुंडी दुसऱ्या काजात गेली होती, मग खालच्या सगळ्याच एकेक घर चुकल्या होत्या. कॉलर एका बाजूला कानाशी वर आली होती आणि शर्टाचं एक टोक खाली लोंबत होतं.

माझे हात आपोआप वर गेले. त्यांच्या गळ्यापाशी, त्या पहिल्या गुंडीपर्यंत. अण्णा हलले नाहीत. नुसते माझ्या हातांकडे बघत राहिले.

मी हात जोडले, वाकून पाया पडले.

“येते, अण्णा.”

“ये,” ते म्हणाले.

रिक्षा वळेपर्यंत मी मागे बघत होते. ते तसेच ओसरीवर उभे होते, त्या वाकड्या गुंड्या लागलेल्या शर्टात.